हळदीची पन्नी, डबी अन् तिचं सील : आमच्या गटाला आलेला अनुभव

आमच्या बचत गटाच्या हळदीच्या डबीवर जो पारदर्शक बँड असते अन् झाकणाखाली ती चांदीसारखी झिल्ली असते, ते कुठून आणलं, मशीन कोणती, खर्च किती, हे आजूबाजूच्या गटांतल्या बाया सारख्या विचारून राहिल्या. फोनवर प्रत्येकीला अर्धवट सांगणं होते अन् नेमकी कामाची गोष्ट सुटून जाते, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकते. मोठं होईल, पण ज्यांना खरंच करायचं आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण ह्यात पैसा लागते अन् आपल्या बरणीला न जुळणारं सामान घरी आलं तं कोणी वापस घेत नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या, समुद्रपूर तालुक्यातल्या. वायगाव हळद्या आमच्यापासून लांब नाही, तिथल्या हळदीला २०१६ मधे जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालं अन् तेव्हापासून नागपूरचं गिऱ्हाईक नाव विचारून हळद घेते. गटातल्या बायांच्या घरी थोडी थोडी हळद होतेच, फेब्रुवारी-मार्चमधे काढायची, मंग उकडणं, वाळवणं, पॉलिश, दळण, हे आम्ही आधीपासूनच करत होतो. पॅकिंग म्हणजे साधी पन्नी, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं, वरून कागदाची पट्टी अन् दोन पिना. गावात अन् समुद्रपूरच्या बाजारात हे चालून जायचं कारण घेणारा आम्हाला तोंडानं ओळखत होता, हळद खराब निघाली तं घरी येऊन बोलला असता.

मंग माल नागपूरच्या एका डेली नीड्समधे जाऊ लागला अन् काही दिवसांनी एका मॅडमचा फोन आला, आवाज शांत होता पण नाराजी कळत होती. म्हणे ताई, मी नेहमी तुमचीच हळद घेते, ह्या वेळेस रंग भडक आहे पण वासच नाही. पन्नी ठेवा म्हटलं, येणाऱ्या माणसाच्या हातानं मागवून घेतली. लेबल आमचं, बॅच आमची, पिनाही दोनच होत्या, पण पट्टीला भोकं चार होती! म्हणजे कोणीतरी पिना काढल्या, आतली हळद बदलली नाही तं तिच्यात दुसरं काही मिसळलं, पन्नी पुन्हा मेणबत्तीवर धरली अन् नव्या पिना मारल्या. कोणी केलं, दुकानात झालं का वाटेत झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही अन् पुराव्याशिवाय कोणावर आळ घेणं बरोबर नाही, म्हणून तो विषय तिथंच थांबला. पण मॅडमनी एक विचारलं होतं, की मंग मी दुकानात उभी राहून कशावरून ओळखू? ह्याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. पुढचं सगळं काम ह्या एका प्रश्नापायी झालं.

अन् प्रश्न फक्त नावाचा नाही हो. हळदीत रंग आणायला मेटॅनिल यलो टाकतात, लेड क्रोमेट टाकतात, म्हणजे शिसं. लेकराच्या दुधात हळद टाकणारी माय आमचं लेबल पाहून ती पन्नी घेते. त्यात शिसं गेलं तं त्या घरात काय होईल, हा विचार आला तेव्हा गटातल्या सगळ्याच गप्प झाल्या होत्या. मसाल्याची पूड सुटी विकायला कायद्यानंही मनाई आहे, पॅक करूनच विकावी लागते, पण पॅक केलेली पन्नी कोणीही उघडून बंद करू शकत असेल तं त्या पॅकिंगचा गिऱ्हाइकाला काय उपयोग?

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बी. फार्म. करून राहिली, सुट्टीत घरी आली होती तिनं आम्हाला समोर बसवून सांगितलं की हे सील वगैरे जगात नेमकं सुरू कुठून झालं. १९८२ मधे अमेरिकेत शिकागोच्या भागात टायलेनॉल नावाच्या डोकेदुखीच्या कॅप्सूल घेऊन सात माणसं मेली, कॅप्सूलमधे सायनाइड निघालं. कारखान्यात काही झालं नव्हतं, कोणीतरी दुकानातल्या बाटल्या घेऊन, उघडून, विष भरून वापस मांडणीवर ठेवल्या होत्या. कंपनीनं देशभरातून ३ कोटी १० लाखाच्या आसपास बाटल्या वापस बोलावल्या. करणारा आजपर्यंत सापडला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधे तिथल्या सरकारी खात्यानं असल्या औषधांना छेडछाड दिसून येईल असं पॅकिंग सक्तीचं केलं अन् १९८३ मधे असं करणं गुन्हा ठरवणारा वेगळा कायदाही आला.

त्या नियमातल्या दोन गोष्टी तिनं सांगितल्या त्या मी वहीत लिहून घेतल्या. एक म्हणजे सीलवर स्वतःची अशी काही खूण, नाव, चित्र पाहिजे, म्हणजे बाजारातून तसंच दुसरं आणून कोणी लावू शकणार नाही. दुसरी म्हणजे सील कसं आहे हे डबीवरच लिहिलेलं पाहिजे, कारण सील गायब असलं तरी गिऱ्हाइकाला माहीतच नसेल की इथं सील होतं, तं तो तशीच घेऊन जाईल. मला वाटते ही दुसरी गोष्ट आपल्याकडं सगळ्यात जास्त सुटते. गॅसचं सिलेंडर आलं की आपण आधी सील पाहतो, कारण तिथं असते हे घरातल्या लेकरालाही माहीत आहे, हळदीच्या पन्नीचं मात्र कोणालाच काही माहीत नसते.

ती हेही म्हणाली की मावशी, सील चोराला थांबवत नाही, उघडलं होतं एवढं फक्त सांगते. सुईनं भोक पाडणाऱ्याला कोणतंच पॅकिंग थांबवू शकत नाही. हे ध्यानात राहिलं म्हणून पुढं दुकानदार "एकदम तोडताच येत नाही" म्हणून महागडं काही दाखवायला लागला की आम्ही विचारायचो, तोडलं तं दिसते का तेवढं सांगा भाऊ.

मंग आम्ही दोघी-तिघी जामवरून एस्टी धरून नागपूरले गेलो, इतवारीत. तिथं पॅकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, पन्नी, बरण्या, बँड, मशिनी सगळं मिळते, पण आपल्याला काय पाहिजे हे स्वतःला माहीत नसलं तं दुकानदार त्याच्याकडं पडून असलेलं देते. एकानं तं बरणी न पाहताच बँड काढून दिला होता. आम्ही सगळ्याचे थोडे थोडे नमुने आणले, मोठा माल काहीच घेतला नाही, अन् तुम्हीही हेच करा.

आधी पन्नीचं सांगते, कारण छोटं पाकीट पन्नीतच परवडते. साध्या एकाच थराच्या पॉलिथिनच्या पन्नीचा त्रास असा की ती दोन्हीकडून वितळते, म्हणून मेणबत्तीवर, इस्त्रीवर कशावरही चिकटते अन् पुन्हा चिकटते. दोन थरांची लॅमिनेट पन्नी वेगळी, बाहेरचा थर पॉलिएस्टरचा असते अन् आतला पॉलिथिनचा, सील करताना आतला वितळते बाहेरचा नाही. त्याच्यावर मेणबत्ती धरली तं बाहेरचा थर आकसून सुरकुतते, काळं पडते, लगेच नजरेत येते. सीलिंगसाठी हातानं दाबायची मशीन घेतली, तार तापते अन् वर तेफलॉनचं कापड असते ती, पण पातळ तारेची न घेता रुंद पट्टीची घेतली, १० मिलीमीटरचं जाळीदार सील येते. असं सील ओढून काढलं तं पन्नी वेडीवाकडी फाटते, जाळीचा ठसा पुन्हा तसाच जुळवता येत नाही.

नमुने घरी आल्यावर एका दुपारी आम्ही जे केलं ते मला ह्या पूर्ण कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटते. गटाच्या अध्यक्षताईंनी सांगितलं की आता आपण सगळ्या चोर व्हा. प्रत्येकीनं एक पाकीट घ्या, कोणत्याही किराणा दुकानात नाही तं घरात सापडते तेवढंच सामान वापरा, ब्लेड, मेणबत्ती, इस्त्री, सेलोटेप, फेविक्विक, केस वाळवायचा ड्रायर, अन् उघडून आतमधे चमचाभर मीठ टाकून असं बंद करा की दुसरीला कळलं नाही पाहिजे. बाया इतक्या मन लावून बसल्या की कोणाला स्वयंपाकाची आठवण राहिली नाही. मेणबत्तीवाल्या सगळ्या पकडल्या गेल्या. सेलोटेपवाल्या पकडल्या गेल्या. माझ्या जाऊबाईनं मात्र वरचं पूर्ण सील कैचीनं सरळ कापून टाकलं, मीठ टाकलं अन् आपल्याच मशीनवर बोटभर खाली नवं सील मारलं. ते पाकीट आम्ही हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, कोणालाच काही दिसलं नाही!

"काहून कळलं नाही सांगू का," ती म्हणे, "पाकीट पहिले केवढं होतं हे तुमच्यापैकी कोणाले मालूमच नाही."

हे ऐकून आम्ही खरंच हादरलो, कारण ती मशीन कोणत्याही गल्लीत मिळते, जो पन्नी उघडते त्याच्याकडंही ती असणारच. ह्यावर तोडगा निघाला तो छपाईतून. आता आमच्या पन्नीवर सगळ्यात वर, सीलच्या अगदी लगत, एक लाल पट्टा आहे अन् त्या पट्ट्यावरच बॅच नंबर अन् पॅकिंगची तारीख शिक्क्यानं मारतो. खाली लेबलवर लिहिलं आहे की "वरचा लाल पट्टा पूर्ण नसल्यास घेऊ नये." वरून कापलं की पट्टा गेला, तारीख गेली, बॅच गेली, अन् आपल्याला नवं काही विकतही घ्यावं लागलं नाही, पन्नी छापून घ्यायचीच होती तिच्यातच झालं. बुडाकडूनही कोणी कापू शकते म्हणून खालीही तसाच पट्टा ठेवला. हे आम्हाला कोणत्या दुकानदारानं सांगितलं नाही, जाऊबाईच्या कैचीनं सांगितलं.

हळदीचा अजून एक त्रास आहे जो बिस्किट-चिवडेवाल्यांना नाही. पूड बारीक असते, भरताना उडते अन् पन्नीच्या तोंडाला आतून चिकटते, त्याच्यावर सील मारलं की वरून छान दिसते पण मधात पुडीचा थर असल्यानं कच्चं राहते, दोन बोटांनी ओढलं की सुटते. मंग गिऱ्हाइकाला वाटते कोणी उघडली, अन् उघडली तं कोणीच नसते. असं खोटं निघालेलं सील हे सील नसण्यापेक्षाही वाईट आहे, कारण दोनदा असं झालं की लोक पाहणंच सोडून देतात. आम्ही लांब नळीचं नरसाळं वापरतो, नळी पन्नीच्या बुडापर्यंत जाते, भरून झाल्यावर थोडा वेळ तसंच उभं ठेवतो, मंग तोंड आतून कोरड्या सुती कापडानं पुसून सील मारतो. अन् पंखा बंद, कूलर बंद. एप्रिलमधे हे किती जड जाते ते इकडच्यांना सांगायची गरज नाही, म्हणून भरायचं काम पहाटे.

आता डबी. मोठं पाकीट आम्ही पेटच्या (पाण्याच्या बाटलीचं असते त्या पारदर्शक प्लास्टिकच्या) बरणीत देतो, फिरकीचं झाकण. त्याला पहिले आम्ही फक्त बाहेरचा बँड लावून पाहिला, तो पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा असते, बाहीसारखा झाकणावरून घालायचा अन् गरम हवा दिली की आकसून घट्ट बसते. माप कसं काढायचं ते नीट वाचा. झाकणाला बाहेरून दोरा गुंडाळायचा, आमचा घेर आला २१४ मिलीमीटर, त्याचं निम्मं १०७, त्यात दोन-तीन मिळवायचे, म्हणजे ११० चा बँड मागायचा, कारण बँड चपटा असताना मोजतात. जास्त सैल घेतला तं आकसल्यावर चुण्या पडतात, कमी घेतला तं झाकणावरून उतरतच नाही. उंची अशी पाहिजे की बँडचा खालचा काठ झाकणाच्या खाली उतरून बरणीच्या खांद्याला धरला पाहिजे. चोरांच्या दुपारी एकीनं साबणाचं पाणी लावून आखूड बँड सगळाच्या सगळा वर सरकवून काढला होता अन् तसाच वापस घातला, फक्त तो झाकणावरच होता म्हणून. खांद्याखाली गेलेला बँड कापल्याशिवाय निघाला नाही.

गरम हवेसाठी हीट गन घेतली. पेटची बरणी साधारण ७० डिग्रीच्या पुढं नरम पडते, त्यामुळं गन एका जागी धरली की बरणीचा गळा वाकडा होते. बरणी फिरवत राहायची, गन हातभर नाही पण वितभर तरी लांब. हे एकीच्या हाताला बसते एकीच्या नाही, आमच्याकडं आता दोघीच करतात.

अन् मंग मे महिना आला. आपल्याकडं पारा ४५-४६ वर जाते, टिनाच्या शेडखाली तं विचारूच नका. बँडचा गठ्ठा शेडमधल्या मांडणीवर होता अन् एक दिवस त्यातले बँड झाकणावर चढेचनात, सगळ्यांना वाटलं दुकानातून लहान साइज आला, भांडायची तयारी झाली. मोजून पाहिलं तं ११० चे बँड त्याच्याहून कमी भरले. उन्हाच्या तावानं ते मांडणीवरच आकसून राहिले होते. ही वस्तू आकसण्यासाठीच बनवलेली, ४० डिग्रीच्या वर कोंदट जागी ठेवली तं ती हळूहळू आपलं काम सुरू करते. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा त्रास माहीत नसेल पण आपल्या भागात पहिल्याच उन्हाळ्यात होणार, म्हणून आताच सांगते की बँड टिनाखाली ठेवायचेच नाहीत. आम्ही एका काकूंच्या जुन्या मातीच्या घरात, आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवतो, अन् उन्हाळ्यात एकदम जास्त माल मागवतही नाही.

बँडबद्दल माझं मन अजून पूर्ण मानत नाही. साधा पारदर्शक बँड इतवारीत कोणालाही किलोवर मिळते, जुना कापून फेकला अन् नवा चढवला तं गिऱ्हाइकाला काय दिसणार? म्हणजे ती पहिली गोष्ट, स्वतःची खूण पाहिजे ती. नाव छापलेला बँड बनवायचा तं छापणारे म्हणतात इतका मोठा ऑर्डर द्या की तो आमच्या एका गटाला दोन हंगामातही संपणार नाही, अन् उन्हाळ्यात त्याचं काय होते ते वर लिहिलंच. सध्या आम्ही झाकणावरून बरणीवर उतरणारी कागदाची एक पट्टी चिकटवतो, तिच्यावर बॅच नंबर अन् भरणाऱ्या बाईची सही असते, अन् त्याच्यावरून पारदर्शक बँड. ही कल्पना आमच्या गटातल्या एका ताईच्या मिस्टरांची, ते शिक्षक आहेत, इलेक्शन ड्युटीवर ईव्हीएमच्या हिरव्या कागदी सीलवर पोलिंग एजंटच्या सह्या घेतात ते पाहून त्यांना सुचलं. सही खोटी करता येते हो, पण चोरट्यासाठी काम वाढते, अन् आमच्या बायांना आपली सही डबीवर जाते ह्याचं भल्लं वाटते.

बँडच्या आतमधे दुसरा पहारा म्हणून झिल्ली. ह्याला इंडक्शन सीलिंग म्हणतात. झाकणाच्या आतमधे एक गोल चकती येते, वर पुठ्ठा, मधात मेण, मंग ॲल्युमिनियमची फॉइल अन् सगळ्यात खाली प्लास्टिकचा पातळ थर. भरलेल्या बरणीवर झाकण लावायचं अन् वरून मशीनचं डोकं टेकवायचं, त्यात तारेची गुंडाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रानं फॉइलमधे करंट फिरून फॉइल तापते, खालचा थर वितळून बरणीच्या काठाला चिकटते अन् मेण वितळून पुठ्ठ्यात मुरते. म्हणून गिऱ्हाइकानं झाकण उघडलं की पुठ्ठा झाकणात राहते अन् फॉइल बरणीवर. झाकण प्लास्टिकचंच पाहिजे, लोखंडी झाकणावर हे होत नाही.

इथं सगळ्यात मोठी अडचण चकतीची आली. दुकानदारानं "सगळ्यावर चालते" म्हणून दिलेली चकती एचडीपीईच्या, म्हणजे टणक पॉलिथिनच्या, बाटलीची निघाली अन् आमची बरणी पेटची. चिकटली, दिसायलाही छान, पण नखानं कोपरा उचलला की पूर्ण झिल्ली अलगद निघून आली, फाटली नाही, काठावर काही उरलं नाही, अन् दाबली तं पुन्हा बसल्यासारखी दिसली. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं तेच होत नव्हतं. चकतीचा खालचा थर बरणीच्या प्लास्टिकशी जुळणारा पाहिजे, पेटला पेटची, एचडीपीईला पॉलिथिनची. तुमची बरणी हातात घेऊन दुकानात जा अन् तिथंच एक मारून नखानं ओढून पाहा. बरोबर जुळलेली असली तं काढताना फाटते, काठाला तिचे तुकडे राहतात.

व्होल्टेजचंही पाहा. आमच्याकडं संध्याकाळी लाईन असते पण दिवा पिवळा जळते, अन् त्याच वेळेला, तेवढ्याच सेकंदांत मारलेलं सील कच्चं येते. सकाळी मारलेलं पक्कं. त्यामुळं आता रोज पहिल्या काही बरण्या तपासल्याशिवाय पुढच्या करत नाही. तपासणी सोपी आहे, बरणी थंड झाली की झाकण काढून उलटी पाण्याच्या बकेटीत धरायची अन् पोट दाबायचं, काठातून बुडबुडा आला की कच्चं. थंड होऊ द्यायची हे विसरू नका, गरम असताना सगळीच सुटतात. अन् सील झाल्यावर झाकण पुन्हा एकदा आवळायचं, मेण वितळून गेल्यानं चकती पातळ होते अन् झाकण आपोआप ढिलं पडते. काठावरची हळद पुसायची ते पन्नीसारखंच इथंही.

पैशाचं थोडक्यात सांगते. पीएमएफएमई म्हणून छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मधे आली, तिच्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, अन् बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासदामागं ४० हजारापर्यंत बीज भांडवल अशी सोय ठेवली होती. आमच्या मशिनी त्या बीज भांडवलातून आल्या. सध्या काय सुरू आहे ते उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी अभियानाच्या, ताईंना विचारा. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, सगळे कर धरून एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, पूर्ण पत्ता अन् तक्रारीचा फोन हे लागतेच.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पहिली पक्की झालेली बरणी मी त्यांच्याच हातात दिली, त्यांनी बँड नखानं, दातानं करून पाहिला, मंग विळी घ्यायला उठल्या. "हे उघडता उघडता बोट कापलं तं तुमची हळद तिथंच लावा लागल मले," म्हणे. त्यांचं बरोबर होतं, घरात स्वयंपाक करणारी बाई सत्तरीचीही असते. तेव्हापासून उभ्या टोचेची ओळ असलेला बँडच घेतो, त्या ओळीवर ओढला की सरळ फाटते, अन् चकती कानवाली, धरून ओढायची. पन्नीला कडेला छोटी खाच. जे सील उघडायला विळी लागते ते लोक दुकानदारालाच म्हणतात भाऊ तूच उघडून दे, मंग काय अर्थ राहिला.

अन् एक गोष्ट मला मनापासून खटकते ती म्हणजे हा सगळा कचरा. बँडचे तुकडे अंगणात उडतात, गायी-बकऱ्या खातात, अन् आपल्याकडं सवय अशी की प्लास्टिक दिसलं की चुलीत. पीव्हीसी जाळलं तं त्यातून आम्लाचा वायू निघते, चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीत तो जाते. शेडमधले तुकडे आम्ही चुंगडीत भरून ठेवतो अन् नागपूरले जाताना भंगारवाल्याला देतो, डबीवरही "बँड जाळू नये" लिहिलं आहे. पीईटीजीचा, म्हणजे पेटच्याच जातीच्या प्लास्टिकचा, बँड मिळते, तो पीव्हीसीपेक्षा बरा, थोडा महाग आहे, पण पुढचा माल तोच घ्यायचा हे मी गटात लावून धरलं आहे.

दुकानदारांनी सुरवातीला कुरकुर केली. एक म्हणे ताई, गिऱ्हाईक वास घेतल्याशिवाय हळद घेत नाही, तुमचं हे बंद डबं कोण घेईल? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हळद वासावरच विकते. म्हणून प्रत्येक दुकानात आम्ही एक छोटी उघडी बरणी नमुन्याची देतो, तिच्यावर मोठ्या अक्षरात "विक्रीसाठी नाही", वास घ्या, बोटावर घेऊन पाहा, अन् घेताना सीलबंद घ्या. शेजारी एक कागद लावतो, लाल पट्टा कुठं पाहायचा, बँड कुठं, झिल्ली कुठं, चित्रासकट. दर खेपेला नमुना बदलतो, जुना झाला की वास जाते. मालाची वापसी आली तं आधी ती चोरांच्या नजरेनं तपासतो अन् वहीत लिहितो की काय दिसलं, लाल पट्टा, बँड, सही, झिल्ली, एकेक करून.

आता अडलं आहे ते छापील बँडवर. एका गटाला परवडत नाही, पण आपण सात-आठ गट एकत्र आलो अन् सगळ्यांनी एकाच मापाची बरणी ठरवली, तं एकच छपाई होऊ शकते, बँडवर सगळ्यांची मिळून एक खूण अन् गटाचं नाव खालच्या कागदी पट्टीवर. तिखटवाल्या, मसालेवाल्या, जवसाच्या चटणीवाल्याही येऊ शकतात. पोळ्यानंतर बसायचं असं बोलणं सुरू आहे, म्हणजे ऊन उतरल्यावर माल येईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या झाकणाला दोरा गुंडाळून घेर मिलीमीटरमधे मोजून आणा, अन् बरणीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असते तो पाहून ठेवा, १ असला तं पेट, २ असला तं एचडीपीई, ५ असला तं पीपी नावाचं तिसरं प्लास्टिक. रिकामी बरणी झाकणासकट सोबत आणली तं अजून चांगलं.